इंजिन बदललेल्या गाडीत सेन्सर मधूनच दगा देतो तेव्हा

ऐन मे महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडची एक जुनी जीप आमच्याकडे आली. मूळचं साधं डिझेल इंजिन काढून तिच्यात एका मोठ्या गाडीचं कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हिशेबाने डिझेल सोडणारं) इंजिन बसवलेलं होतं. मालक उतरले आणि एका वाक्यात सगळं सांगून मोकळे झाले, "भाऊ, गाडी तपनी का बंद पडस, थंडी व्हयनी का चालू व्हस." पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढायला लागलं की गाडी मध्येच गपकन बंद पडायची. वीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची. स्कॅनर प्रत्येक वेळी क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणाऱ्या सेन्सरचा, कोड दाखवत होता. तोवर तीन सेन्सर बदलून झाले होते आणि चौथा डब्यात न उघडलेला पडून होता.

चौथा सेन्सर लागलाच नाही. दोष सेन्सरात नव्हता.

हे काम नव्याने शिकणाऱ्या पोरांसाठी आणि स्वतःच्या गाडीत हात घालणाऱ्या मालकांसाठी मी हे लिहितोय. मधूनच येणारा दोष कसा पकडायचा, हे आमच्याकडे कुणी नीट बसून शिकवत नाही. मग माणूस सेन्सर बदलत सुटतो आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

आधी कोडचा अर्थ

स्कॅनरवर पी ०३३५ आला की बहुतेक जण म्हणतात, क्रँक सेन्सर गेला. कोड तसं सांगत नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायर जोडायचं प्लास्टिकचं सॉकेट), कपलरच्या पिना, ईसीयूपर्यंतची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंतची) वायर, त्या वायरीतले सांधे, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) आणि खुद्द ईसीयू. कंपनीतून जशी निघाली तशी असलेल्या गाडीत मधले सांधे नसतात, म्हणून तिथे सेन्सरवर संशय घेणं काही अंशी ठीक आहे. बदललेल्या इंजिनाच्या गाडीत मात्र वायरिंग कुणीतरी हाताने वाढवलेलं असतं, कापलेलं असतं, पीळ मारून काळ्या टेपने गुंडाळलेलं असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी माणसाच्या हाताने झालेलं काम, मग अर्थ, मग कपलर आणि सगळ्यात शेवटी सेन्सर.

नवा सेन्सर बसवल्यावर गाडी चार दिवस बरी चालते, तेही याचमुळे. सेन्सर बदलताना हात वायरला लागतो, सांधा जरा हलतो आणि पुन्हा चिकटतो. आपल्याला वाटतं सेन्सरने काम केलं. आठवड्याने गाडी परत दारात उभी.

पहिलं काम वहीतलं

औजार हातात घेण्याआधी मालकाशी बोला आणि लिहून घ्या. गाडी गरम असताना बंद पडते की थंड असताना? चढावर, खड्ड्यात, धुतल्यावर, पावसात, की एसी लावल्यावर? बंद पडल्यावर किती वेळाने सुरू होते? इंजिन बदलल्यानंतर किती दिवसांनी हे सुरू झालं? आणि त्यानंतर कुणी वेल्डिंग, रेडिएटर, क्लच असं काही काम केलं का?

आपल्या भागात उष्णतेचा प्रश्न विचारायलाच हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि पुढची काही मिनिटं इंजिनाभोवतीची उष्णता उलट वाढते. बाजारात दहा मिनिटं थांबून आल्यावर गाडी सुरू होत नाही, असं कुणी म्हणालं की ही गोष्ट आठवा.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो: बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडला? गाडी गिअरमध्ये असून चाकं फिरतायत, म्हणजे इंजिनही फिरतंय, आणि तरी काटा एकदम शून्यावर आला, तर ईसीयूला क्रँकचा सिग्नल मिळेनासा झाला. काटा इंजिनाच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर डिझेलकडे पाहा. काट्याबरोबर चेक लाइट आणि बाकीचे दिवेही विझले, तर ईसीयूचा सप्लायच तुटतोय: मेन रिले, फ्यूज किंवा इग्निशन स्विच. जुन्या डॅशबोर्डात आरपीएम मीटर जोडलेलं नसेल, तर स्कॅनरवर आरपीएम लावून शेजारी कुणाला तरी बसवा. शिरपूरच्या जीपचा काटा दरवेळी टपकन शून्यावर येत होता. निम्मा तपास तिथेच झाला.

गाडीत नक्की काय बसवलंय

आरसी बुकातली गाडी आणि बॉनेटखालचं इंजिन वेगळं असतं. त्यामुळे डायग्राम गाडीचा नाही, इंजिन ज्या गाडीतून काढलं तिचा लागतो. तोही त्याच वर्षाचा आणि त्याच बीएस (धुराच्या प्रदूषणाच्या) नॉर्मचा. बीएस ३ आणि बीएस ४ मधलं एकच नावाचं इंजिन बाहेरून सारखं दिसतं, पण ईसीयूच्या पिना वेगळ्या असू शकतात. ईसीयूवरच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि त्यावरचा पार्ट नंबर धरून डायग्राम शोधा. अंदाजाने पीन धरून मोजलेलं रीडिंग न मोजल्यापेक्षा वाईट.

जुन्या गाडीत नसलेल्या काही गोष्टी नव्या ईसीयूला हव्या असतात: स्पीड सेन्सर, क्लच स्विच, ब्रेक स्विच, एसीचा प्रेशर स्विच, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा). स्वॅप (इंजिनाची अदलाबदल) करणाऱ्याने त्या जोडल्या नसतील, तर त्यांचे कोड कायमचे बसून राहतात. ते वेगळे लिहून ठेवा. उदाहरणार्थ, स्पीड सेन्सरचा पी ०५०० जोडणीच नसल्याने आलाय आणि तुम्ही त्याच्या मागे लागलात, तर दिवस फुकट जातो.

मग कोड वाचा. पुसण्याआधी सगळे लिहून घ्या आणि फ्रीज फ्रेम मिळत असेल तर तिचा फोटो काढा. दोष आला त्या क्षणाचं तापमान, आरपीएम आणि व्होल्टेज तिच्यात असतं. बॅटरीचं टर्मिनल काढून कोड घालवायची सवय सोडा, बऱ्याच गाड्यांत त्याने हातातला पुरावा जातो. सगळं लिहिल्यावर कोड पुसा, गाडी फिरवा आणि पुन्हा कोणते आले ते पाहा.

दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले, तर तिन्ही सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा सप्लाय किंवा सामाईक अर्थ जातोय. पी ०६४१ किंवा पी ०६५१ दिसला तर बोट सरळ ५ व्होल्टच्या लाइनीकडेच आहे. अशा वेळी चाबी ऑन ठेवून त्या लाइनीवर मल्टिमीटर लावा आणि तिच्यावरचे सेन्सर एकेक करून कपलरमधून काढत जा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

अर्थिंगला अर्धा तास द्या

इथे मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण स्वॅप केलेल्या गाड्यांतले मधूनच येणारे जेवढे दोष मी पाहिले, त्यातले बरेचसे अर्थिंगपाशी येऊन थांबले.

जुन्या जीपचं मूळ इंजिन यांत्रिक पंपावर चालायचं. अर्थ लागायचा तो सेल्फला आणि दिव्यांना, थोडा कमी-जास्त झाला तरी काही बिघडायचं नाही. नवं इंजिन पाच व्होल्टच्या सिग्नलवर चालतं. तिथे अर्ध्या व्होल्टचा फरक पडला तरी ईसीयूचा हिशेब चुकतो. त्यात इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यात मुळात विजेचा संबंध नसतो. तो जोडणारी जाड पट्टी स्वॅपमध्ये परत लावायची राहून जाते, किंवा रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. मग सेल्फचा करंट गिअरची दांडी, क्लचची केबल, सेन्सरची बारीक अर्थ वायर अशा मिळेल त्या वाटेने परततो.

तपासायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा. वरच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या पकडीवर) नको, खुंटीवरच. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. ०.५ च्या वर गेला तर पट्टी बदला, पुढे काही तपासू नका. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावा आणि लाल प्रोब ईसीयूच्या अर्थ पिनेला कपलरच्या मागून टेकवा. इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त मला चालत नाही.

मीटरचा बीप वाजवून अर्थ ओके म्हणू नका. वायरीतल्या तीस तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी बीप वाजतो. भार टाकला की मगच ती वायर खरं बोलते.

बॅटरीही याच वेळी बघून घ्या. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं, तर ईसीयू क्षणभर झोपतो आणि भलतेच कोड टाकतो.

दोष हजर करायचा

गाडी नीट चालत असताना मोजून काही सापडत नाही. सगळं बरोबरच येतं. दोष तुमच्यासमोर यायला हवा, आणि तो आणण्याचे तीन मार्ग आहेत: हलवणं, तापवणं आणि भिजवणं.

इंजिन आयडलला ठेवा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. संशयित सेन्सरपासून सुरुवात करून ईसीयूपर्यंत वायरिंग वीतभर वीतभर हलवत जा. जोरात ओढू नका, हलकेच वाकवा. कपलर दाबा, डावी-उजवीकडे झुलवा. इंजिन कुठे अडखळलं ती जागा खडूने खूण करा. मीटरमध्ये मिन-मॅक्सची सोय असेल तर ती लावा, कारण क्षणभराची उडी डोळ्याला दिसत नाही, मीटर ती धरून ठेवतो. पंखा आणि बेल्टजवळ हात जपा, बाह्या वर करा, गळ्यातला गमछा काढून ठेवा.

तापवायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. हीट गनने कपलरचं प्लास्टिक वितळतं. एका वेळी एकच जागा तापवा, आधी सेन्सर, मग कपलर, मग वायर. सगळं एकदम तापवलं तर काय कळणार? गार करायला ओलं फडकं लावा. पावसात येणारा दोष असेल तर फवारणीच्या छोट्या बाटलीने पाण्याचा हलका तुषार मारा, पाइपने धुऊ नका.

त्या जीपला आम्ही असंच केलं. क्रँक सेन्सर दोन वायरींचा, म्हणजे कॉइलचा होता. चाबी बंद करून ईसीयूकडचा कपलर काढला आणि तिथूनच सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावला, म्हणजे सेन्सर आणि मधली सगळी वायर एकदम मोजली जाते. थंड असताना ८७० ओहम. सेन्सरवर ड्रायर धरला, आकडा हळूहळू वाढत १०२० च्या घरात गेला. शेजारी उभा असलेला पोरगा लगेच म्हणाला, "बघा, सेन्सरच खराब." पण तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. पन्नास अंश तापलेल्या कॉइलचा आकडा एवढा चढणं अगदी निरोगी आहे. सेन्सर गार होऊ दिला आणि ड्रायर बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या) मागे, सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणाऱ्या वायरीवर धरला. मिनिटभर ८७० स्थिर. मग आकडा नाचायला लागला, १४००, ३०००, आणि मीटरवर ओएल, म्हणजे सर्किट उघडं. ड्रायर बाजूला केला, अर्ध्या मिनिटात पुन्हा ८७०.

टेप सोडली. आतला चिकटा पाघळून तारेवर काळा थर बसला होता. त्याखाली दोन वायरी नुसत्या पीळ मारून जोडलेल्या, तांबं हिरवं पडलेलं. इंजिन बसवताना वायर हातभर कमी पडली म्हणून कुणीतरी ती वाढवली होती आणि सांधा नेमका सगळ्यात गरम जागी आला होता. घाटात पाइप तापला की सांधा प्रसरण पावून सुटायचा.

क्रँक सेन्सरचं थोडं जास्त

कॉइलच्या सेन्सरचा रोध साधारण ५०० ते १५०० ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. सेल्फ मारताना मीटर एसी व्होल्टवर लावला तर अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसायला हवा. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. त्याचा रोध मोजून काही कळत नाही. कपलर जोडलेला ठेवून मागून मीटर लावा, पान्याने इंजिन हळू फिरवा, सिग्नल शून्य आणि ५ व्होल्ट यांच्यात उड्या मारतो का ते पाहा.

स्वॅपमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे सेन्सर आणि तो ज्याचे दात मोजतो ते इंजिनाबरोबर फिरणारं दातेरी चाक यांच्यातली फट. गिअरबॉक्स वेगळा असल्याने मध्ये अॅडॉप्टर प्लेट टाकलेली असते किंवा सेन्सरचं भोक नव्याने पाडलेलं असतं. फट साधारण ०.५ ते १.५ मिलिमीटर लागते. ती वाढली की थंड इंजिन कसंबसं चालतं आणि कमी आरपीएमला सिग्नल दुबळा पडतो. सेन्सर काढलाच आहे तर टोकाच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी भुसा पुसून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल. वायर वाढवताना त्या उलट्या जोडल्या गेल्या तर सिग्नल येतो, मोजमापही ठीक येतं, पण ईसीयूला दाताची जागा चुकीची समजते. ६० दातांच्या जागेवर ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा, अशी चाकं बऱ्याच इंजिनांत असतात. ती मोकळी जागा नीट ओळखली गेली नाही तर गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही.

बाकीचे सेन्सर भरभर

कूलंट टेंपरेचर: सकाळी रात्रभर थंड झालेल्या गाडीत चाबी ऑन करा आणि स्कॅनरवर कूलंट, हवा आणि डिझेल यांचं तापमान शेजारी शेजारी पाहा. तिन्ही जवळजवळ सारखी हवीत. एखादं उणे ४० दाखवत असेल तर सर्किट तुटलंय. बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास मिळतात.

अॅक्सिलरेटर पेडल: आत दोन सेन्सर असतात आणि बहुतेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. प्रमाण बिघडलं की पी २१३८ येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू तिची ताकद कमी करून टाकतो. स्वॅपमध्ये पेडल जुन्या जागेत वाकवून बसवलेलं असतं, त्याची वायर पायाबरोबर ताणली जाते का बघा.

रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी दाबाची नळी) प्रेशर सेन्सर: इंजिन बंद आणि चाबी ऑन असताना साधारण ०.५ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू असताना रेलचा पाइप कधीही, कोणत्याही कारणाने सैल करू नका. आत हजार-दीड हजार बारपर्यंत दाब जातो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.

काही चुका महागात पडतात. ईसीयूच्या वायरीवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, तो जास्त करंट ओढतो. वायरीला सुई टोचू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. पिनेत जाड प्रोब कोंबू नका, पीन सैल होते आणि तुम्हीच नवा दोष तयार करता. चेसिसवर वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचे कपलर काढा.

दुरुस्ती

जीपच्या त्या दोन्ही वायरी सांध्याच्या दोन्ही बाजूंनी चांगलं तांबं लागेपर्यंत कापल्या. मधला तुकडा नवा, त्याच जाडीचा टाकला, क्रिंप केला (धातूच्या नळीत दाबून जोडला), वर चिकटा असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. दोन्ही वायरींचे सांधे समोरासमोर येऊ दिले नाहीत, मध्ये चार बोटं अंतर ठेवलं. वायरी एकमेकींना पीळ देऊनच ओढल्या, कारण सिग्नलच्या वायरी सुट्या राहिल्या की अल्टरनेटरची गडबड त्यांच्यात उतरते. जाळीची शिल्ड होती ती जोडून घेतली. शिल्डचा अर्थ फक्त ईसीयूच्या टोकाला असावा, दोन्हीकडे जोडू नये. मग पूर्ण वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने फिरवली, उष्णता सोसणाऱ्या स्लीव्हमध्ये घातली आणि वीत-वीत अंतरावर क्लिपा मारल्या. इंजिन ते चेसिस अर्थची पट्टीही नवी टाकली. जुनी होती, पण रंगावर बसली होती.

गाडी शेतात किंवा गोठ्याजवळ उभी राहत असेल तर हार्नेस (वायरींचा जुडगा) उंदरांनी कुरतडलाय का तेही बघा. केळीच्या बागेत उभ्या गाडीची वायर कुरतडलेली मी अनेकदा पाहिलीय, बाहेरून ती फक्त खरचटल्यासारखी दिसते.

काम झालं की चौकात फेरी मारून गाडी देऊ नका. दोष जिथे येत होता तिथेच न्या. आम्ही दुपारी दोन वाजता, मुद्दाम उन्हात, स्कॅनर लावून बिजासन घाट चढलो, वर दहा मिनिटं गाडी बंद करून उभी केली, परत सुरू केली आणि उतरलो. दोनदा. आरपीएमची रेघ कुठे तुटली नाही.

मालकांना आणखी एक काम सांगितलं. इंजिन बदलण्याची परवानगी आणि नव्या इंजिनाचा नंबर आरटीओत आरसीवर चढलेला हवा. त्यांचा चढलेला नव्हता, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी नेमकं तिथेच अडतं. एमएच १८ ची गाडी, धुळ्याचं ऑफिस, इंजिनाची मूळ बिलं शोधण्यापासून सुरुवात होती.

जाताना त्यांनी चौथा सेन्सर परत करायचा का असं विचारलं. मी तो ठेवून घ्यायला सांगितलं. वहीच्या पानावर काढलेला वायरिंगचा नकाशा, कोणती वायर कुठे जोडली, रंग कोणता, सांधा कुठे आहे, ईसीयूची कोणती पीन, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवलं आणि डबा ड्रायव्हरच्या सीटखाली. पुढच्या मेकॅनिकला तो सेन्सर बहुधा लागणार नाही, नकाशा लागेल.